करंगळी आणि अनामिका

गेले दोन आठवडे रोज रात्री पियानिस्ट लिऑन फ्लायशर ऐकतेय. पियानो ऐकणाऱ्यांना हे नाव माहिती असतंच, बाकीच्यांना सहसा नसतं, म्हणून आज लिहायला बसले.

जन्म १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. नऊ वर्षांचे असताना आर्टुर श्नाबेल यांच्याकडे शिकायला गेले, आणि श्नाबेल म्हणजे लेशेटिट्स्कींचे शिष्य, ते चेर्नींचे, चेर्नी थेट बेथोव्हनचे, म्हणजे घराणंच म्हणा ना. सोळाव्या वर्षी, १९४४ मध्ये, कार्नेगी हॉलला न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या पियानोने वाजवायची मोठी रचना) वाजवला. १९५२ ला ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धा जिंकली, ती जिंकणारे ते पहिले अमेरिकन. मग कंडक्टर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बेथोव्हन आणि ब्राम्सचे सगळे कॉन्चेर्टो रेकॉर्ड केले. ती रेकॉर्डिंग्ज ऐकाच, एकही सूर उगाच लावलेला वाटत नाही.

आणि मग १९६४ च्या सुमारास उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप आत वळायला लागली. वय जेमतेम छत्तीस. बोटं सरळ ठेवायची म्हटलं तरी राहीनात. आज याला फोकल डिस्टोनिया म्हणतात, यात बोटाचा स्नायू धडधाकट असतो पण मेंदूकडून त्याला जाणारा हुकूमच चुकीचा असतो, आणि वर्षानुवर्षं बोटांची तीच ती बारीक हालचाल करणाऱ्यांना हे जास्त होतं. तेव्हा निदानच होईना. ते डॉक्टरांमागून डॉक्टर करत राहिले, जीव द्यायचे विचारही मनात आले, आणि हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं.

पण संगीत सुटलं नाही, मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. बॉल्टिमोरच्या पीबडी या संगीत विद्यालयात ते आधीपासून शिकवत होतेच, ते आता जीव ओतून शिकवायला लागले. ऑर्केस्ट्रा कंडक्ट करायला लागले. आणि डाव्या हाताने वाजवायला लागले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानिस्ट पॉल विटगेनश्टाइनने अनेक संगीतकारांकडून फक्त डाव्या हातासाठी रचना करून घेतल्या होत्या, त्यातला रावेलचा कॉन्चेर्टो तर अफाटच आहे. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा पार तळातून घुमत वर येतो आणि मग एकटा पियानो घुसतो. डोळे मिटून ऐकलं तर एकच हात वाजतोय हे कळत नाही. होतं असं की बराचसा वेळ गाणं अंगठ्याकडे असतं, बाकीची बोटं खालचे सूर धरतात, आणि हात वर पळाला की ते खालचे सूर पेडल सांभाळून ठेवतं. मी परवा पियानोवर एक अगदी साधी चाल अशी डाव्या हाताने वाजवून बघितली, अंगठ्याने गायचं आणि करंगळीने आधार द्यायचा, दहा मिनिटांत मनगट भरून आलं. हा माणूस हे तीस वर्षं करत होता!

गॅरी ग्राफमन या दुसऱ्या मोठ्या पियानिस्टचाही उजवा हात असाच गेला होता, तर संगीतकार विल्यम बोल्कम यांनी या दोघांसाठी मिळून दोन डाव्या हातांची रचना केली. दोघांनी आपापला कॉन्चेर्टो वेगवेगळा वाजवायचा, आणि मग तेच दोन्ही एकदम वाजवले की तिसराच कॉन्चेर्टो तयार होतो. कल्पनाच केवढी सुंदर आहे.

मध्ये १९८२ ला बॉल्टिमोरच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाला ते दोन्ही हातांनी वाजवायला बसले होते. लोकांना वाटलं बरे झाले. त्यांना स्वतःला माहिती होतं की झालेले नाहीत, आणि ते परत डाव्या हाताकडे वळले. भरलेलं सभागृह टाळ्या वाजवत असताना स्वतःशी इतकं खरं राहणं सोपं नाही.

नव्वदच्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि रॉल्फिंग नावाचा खोल मसाज, यांनी बोटं सैल पडायला लागली. दुखणं गेलं नाही, ते नुसतं आवरलं गेलं. २००४ ला ‘टू हँड्स’ हा अल्बम आला. त्यात बाखचं ‘शीप मे सेफली ग्रेझ’ आहे, मूळ रचनेत दोन बासऱ्या जोडीने चालतात, पियानोवर ते जोडसूर उजव्या हाताकडे येतात आणि त्यातला वरचा सूर बऱ्याचदा करंगळी नाहीतर अनामिकाच वाजवते. २०२० मध्ये, ९२ व्या वर्षी ते गेले. मी रोज रात्री तेवढा एक ट्रॅक पुन्हा लावते आणि फक्त वरचे सूर ऐकते, हळू, एकसारखे, एकही न डगमगणारा.