पहिल्या अंजिराला बांधलेली गवताची काडी

गेले काही आठवडे रोज सकाळी बायबलमधलं गणना हे पुस्तक वाचतेय आणि २८, २९ या दोन अध्यायांवर येऊन अडकलेय. आधी हे अध्याय मी भराभर उलटायचे, इतके गोऱ्हे, इतके मेंढे, इतकी कोकरं, पुढच्या सणाला परत तेच. यावेळी वही घेऊन बसले आणि एकेक आकडा लिहून काढला. रोजची दोन कोकरं, एक सकाळी एक संध्याकाळी, शब्बाथाला आणखी दोन, मग वल्हांडणाच्या वेळचे बेखमीर भाकरीचे सात दिवस, सप्ताहांचा सण, कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि प्रत्येक जनावराबरोबर तेलात मळलेलं पीठ आणि द्राक्षारस ठरलेल्या मापाने.

मांडवांच्या सणाला आल्यावर मात्र पेन्सिल थांबली. पहिल्या दिवशी १३ गोऱ्हे, दुसऱ्या दिवशी १२, मग ११, असं रोज एकेक कमी होत सातव्या दिवशी ७. बेरीज केली तर ७०. आणि आठव्या दिवशी फक्त एक. यहुदी रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, याचा अर्थ असा लावला की हे ७० गोऱ्हे जगातल्या ७० राष्ट्रांसाठी, आणि शेवटचा एक इस्राएलसाठी. म्हणजे वर्षातला सगळ्यात आनंदाचा सण, धान्य-द्राक्षं घरात आलेली, आणि वेदीवर सगळ्यात जास्त काय चढतंय तर बाहेरच्यांसाठीचं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

पण हे झालं सगळ्या लोकांच्या वतीने व्हायचं ते. घरातल्या माणसाने काय आणायचं? बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात आहे की वर्षातून तीनदा या, रिकाम्या हाताने येऊ नका, आणि परमेश्वराने ज्याला जसं दिलंय तसं त्याने आणावं. कुठेच ठरलेली रक्कम नाही. लेवीय या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात पापार्पणाचं बघा, कोकरू परवडत नसेल तर दोन पारवे किंवा होले, तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन लिटरच्या मापाचं पीठ, बस. बाळंतपणानंतरच्या अर्पणालाही गरिबाला पाखरांची सवलत होती, आणि लूक २ मध्ये मरीया आणि योसेफ येशू बाळाला मंदिरात घेऊन येतात तेव्हा तिथे पाखरांच्या जोडीचाच उल्लेख आहे, कोकराचा नाही. नाताळच्या नाटकात आम्ही हे कधी दाखवत नाही, दाखवायला पाहिजे. आणि लेवीय २ मध्ये अन्नार्पण आणणाऱ्यासाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'जीव' असाही होतो, त्यावर रब्बी म्हणतात की पीठ कोण आणतो, तर गरीब आणतो, आणि देव म्हणतो की त्याने जणू आपला जीवच माझ्यापुढे ठेवला असं मी धरतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या नियमांच्या संग्रहात, प्रथमफळांवर एक अख्खा भाग आहे. शेतकरी आपल्या मळ्यात जातो, पहिलं पिकायला लागलेलं अंजीर दिसतं, पहिला द्राक्षांचा घड, पहिलं डाळिंब, की लगेच त्याला गवताची काडी बांधतो आणि म्हणतो, हे प्रथमफळ. फळ अजून झाडावरच आहे पण ते आता देवाचं झालं. आमच्या शेजारच्या मावशी वेलावरच्या बियाणाच्या दुधीला चिंधी बांधतात, कुणी तोडू नये म्हणून, ते डोळ्यासमोर आलं.

मग आजूबाजूच्या गावांतले लोक एका गावात जमायचे, रात्री चौकातच झोपायचे, सकाळी हाक यायची की उठा, सियोनाला, म्हणजे यरुशलेमला, जाऊ. पुढे बैल, त्याची शिंगं सोन्याने मढवलेली, डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट, बासरी वाजतेय, अगदी दिंडी निघाल्यासारखं. यरुशलेममधले कारागीर हातातलं काम थांबवून उभे राहायचे आणि म्हणायचे, अमक्या गावच्या भावांनो, या. मंदिराच्या डोंगरावर पोचल्यावर आग्रिप्पा राजासुद्धा स्वतःची टोपली स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा.

टोपली हातात धरून प्रत्येकाने अनुवाद २६ मधले शब्द म्हणायचे, की माझा पूर्वज भटकणारा अरामी होता, मिसरात आम्हाला गुलाम केलं, आम्ही आरोळी मारली, परमेश्वराने ऐकलं. राजा असो नाहीतर कोरडवाहू शेतकरी, सगळ्यांनी हेच. आणि इथे मिश्ना एक गोष्ट सांगते. आधी पद्धत अशी होती की ज्याला येतं त्याने स्वतः म्हणावं आणि ज्याला येत नाही त्याला याजकाने एकेक शब्द सांगावा. झालं काय, की ज्यांना येत नव्हतं त्यांना चारचौघांत लाज वाटायला लागली आणि ते टोपली घेऊन यायचेच बंद झाले. मग नियम बदलला. येणाऱ्यालाही सांगायचं, न येणाऱ्यालाही सांगायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं.

मी हे तीनदा वाचलं. पुढचंच कलम मात्र मला खटकतं, श्रीमंतांच्या सोन्या-चांदीच्या टोपल्या त्यांना परत मिळायच्या आणि गरिबाची विणलेली टोपली फळांसकट याजकाकडे राहायची. सगळंच काही बरोबर केलं नव्हतं त्यांनी. पण लाजेचं दुखणं त्यांनी ओळखलं आणि त्यासाठी उपासनेची रीत बदलली, हे मला फार मोठं वाटतं.

कारण आमच्या चर्चच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलला काय होतं तर भक्ती संपली की लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव, आणि माईकवरून नाव आणि रक्कम. कोंबडी पाचशे, टाळ्या. केकला हजार, जोरात टाळ्या. आणि मग मेथीची जुडी, वीस रुपये, आणि मागच्या बाकावर हसू. ती जुडी वर सांगितलेल्या मावशींची होती. यंदा त्या आल्याच नाहीत. मी घरी गेले तर म्हणाल्या, "देवाला द्यायला ना नाही गं, पर ते माईकवर पुकारतात ना, ते नको वाटतं." मला काही बोलताच आलं नाही, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत मीपण होते.

लिलाव वाईट असं मी म्हणत नाही, त्याच पैशातून चर्चची डागडुजी होते आणि पोरांना त्या दिवशी खरंच मजा येते. पण सणाच्या अर्पणाचे नियम वाचले की सारखं हेच दिसतं की सण करताना दास, दासी, लेवी (म्हणजे मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ, विधवा यांना बरोबर घेऊन आनंद करा, आणि सप्ताहांच्या सणाचे नियम संपतात तिथेच लगेच लिहिलंय की शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं गोळा करू नका, ती गरिबांची. वेदीवर काय येतं एवढ्यावर देव थांबत नाही, कोण येतंय आणि कोण यायचं बंद झालंय तेही बघतो. आमोस संदेष्टा याच कारणाने इतका चिडलाय, तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, लोकांचा मलिदा पण याच जुन्या अन्नार्पणाशी जोडतात, गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वर फळं, एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलीया संदेष्ट्याची, आठवण काढून प्रार्थना, आणि मग सगळ्यांना वाटप. यरुशलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये पडलं, वेदी गेली, तरी कोकणात एका ताटात ती आठवण राहिली याचं मला कायम नवल वाटतं.

परवा कमिटीच्या मीटिंगला मी दोनच गोष्टी मांडल्या. लिलावाला आणलेली वस्तू कुणाची ते माईकवर सांगायचं नाही. आणि लिलावाच्या आधी दारापाशी एक मोठं टेबल, ज्याने जे आणलं ते तिथे ठेवायचं, कोंबडीशेजारी मेथी. पहिल्या गोष्टीवर बरीच चर्चा झाली, अजून ठरलेलं नाही. मग मी अनुवाद २६ छापून वाटूया म्हटलं तर पाळक साहेब म्हणाले, "छापायला कशाला, सगळ्यांना वाचता येतं का? मी एकेक ओळ सांगतो, सगळे माझ्या मागून म्हणा."