तुम्ही विचारलंत म्हणून : रस्टी बावर्सच का?

अमेरिकेच्या राजकारणावर कुठेही बोलायला गेलो की शेवटी एक प्रश्न ठरलेला. "सर, तिथला एखादा सरळ राजकारणी सांगा ना." मी रस्टी बावर्स हे नाव घेतो. नाव कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून थोडी ओळख करून देतो, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, जरा तक्रारीच्या सुरात. "पण सर, तो तर गर्भपाताच्या विरोधातला, ट्रम्पला मत देणारा, पक्का उजवा माणूस. तुम्हाला कसा काय चालतो?" तिथे आभारप्रदर्शनवाले घड्याळ बघत असतात, त्यामुळे दोन वाक्यांत आटपावं लागतं. इथे जरा ऐसपैस सांगतो.

बावर्स हे अॅरिझोना राज्यातल्या मेसा शहराचे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे, श्रद्धाळू. पेशाने चित्रकार आणि शिल्पकार. 1993 साली पहिल्यांदा राज्याच्या प्रतिनिधीगृहात गेले, मग राज्याच्या सिनेटमध्ये. त्यानंतर बरीच वर्षं राजकारणाबाहेर राहिले आणि 2015 मध्ये पुन्हा सभागृहात आले. 2019 पासून ते प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष होते. सभागृह 60 जणांचं, त्यात त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे 31 आणि डेमोक्रॅट 29. म्हणजे एक आमदार फुटला की विधेयक बोंबललं. आमदाराचा पगार वर्षाला 24 हजार डॉलर, तोही 1998 पासून तेवढाच. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम म्हणजे मानधनच.

त्यांची कारकीर्द पाहिली तर आक्षेप घेणाऱ्यांचं चुकत नाही. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात अॅरिझोनाने सगळ्यांना एकच अडीच टक्क्यांचा आयकर लावणारा कायदा केला, म्हणजे श्रीमंतांना घसघशीत सूट. पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आली. सरकारी शाळांचा पैसा खाजगी शाळांकडे नेण्याची मुभा राज्यातल्या प्रत्येक मुलाला मिळाली. घरपोच मतपत्रिका मिळणाऱ्यांच्या कायम यादीतून, ती न वापरणाऱ्यांची नावं गाळण्याचा 2021 चा कायदाही त्याच 31 विरुद्ध 29 मतांनी झाला. पाणीवाटपावर त्यांनी केलेलं काम सोडलं, तर यातल्या फारशा कशाशीच माझं पटत नाही.

तरीही हेच नाव का, ते कळायला तिथली एक व्यवस्था माहीत हवी. आपल्यासारखा देशभर निवडणूक घेणारा आयोग अमेरिकेत नाही. राष्ट्राध्यक्षाची निवडणूकसुद्धा राज्यं आपापल्या कायद्याने घेतात, आणि निकालानुसार राज्याचे निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, ठरतात. अॅरिझोनाचे असे 11 निर्वाचक. 2020 मध्ये तिथे बायडन 10,457 मतांनी जिंकले. एकूण मतं पडली होती सुमारे 34 लाख. एवढ्या थोडक्या फरकाने राज्य हातचं गेल्यावर ट्रम्प यांच्या लोकांनी एक युक्ती काढली: मतदारांनी काय कौल दिला ते बाजूला ठेवायचं आणि विधिमंडळानेच दुसरे निर्वाचक नेमायचे. त्यासाठी विधिमंडळात सुनावणी लावायला हवी होती. प्रतिनिधीगृहात ती लावणं न लावणं अध्यक्षाच्या हातात. देशाच्या बाहेरच काय, राज्याच्या बाहेरही ज्याला कुणी ओळखत नव्हतं, असा हा 24 हजार डॉलरवाला माणूस एकदम मोक्याच्या जागी येऊन बसला.

22 नोव्हेंबर 2020, रविवार. बावर्स पती-पत्नी चर्चमधून घरी पोचले होते, गाडी दारातच उभी होती, आणि व्हाइट हाउसमधून फोन आला. आधी ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी बोलले, मग ट्रम्पही. हजारो बेकायदा स्थलांतरितांनी मतं दिली, मेलेल्यांच्या नावावर मतं पडली, असं सांगणं सुरू झालं. बावर्स म्हणाले, नावं द्या. देतो, असं उत्तर मिळालं. ती नावं कधीच आली नाहीत. पुढे जुलियानी स्वतः फीनिक्सला येऊन भेटले, तेव्हा पुराव्याचा विषय पुन्हा निघाला. त्यावर त्यांचं उत्तर होतं की आमच्याकडे सिद्धांत भरपूर आहेत, पुरावा तेवढा नाही. आपण सगळे रिपब्लिकनच ना, हाही सूर त्यांनी लावून पाहिला. जानेवारीत जॉन ईस्टमन या वकिलांचा फोन आला. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा: करून टाका, पुढचं कोर्ट बघेल.

बावर्स यांनी दिलेलं उत्तर माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. लोकशाही, बहुमताचा आदर असले मोठे शब्द त्यांनी काढले नाहीत. तुम्ही सांगताय ते माझ्या शपथेविरुद्ध आहे, असं ते म्हणाले. अमेरिकेची राज्यघटना ईश्वरप्रेरित आहे, हे त्यांच्या धर्मश्रद्धेत बसलेलं आहे. अशा माणसाला घटनेची शपथ मोडणं हे जवळजवळ पापच. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर निवेदन काढलं. मी ट्रम्प यांना मत दिलं, त्यांच्यासाठी राबलो, निकाल मला आवडलेला नाही, पण प्रमाणित झालेला निकाल फिरवण्यासाठी कायदा मोडणार नाही, असा त्याचा आशय.

आता "उजवा असूनही सरळ" असं जे तुम्ही म्हणता ना, ते "असूनही" मला खटकतं. परंपरा मानणारा माणूस जुने नियम मानतो, आपल्याला गैरसोयीचे झाले तरी मानतो, तेव्हाच त्याच्या परंपरानिष्ठेला काही अर्थ राहतो. बावर्स उजवे होते म्हणूनच ते नाही म्हणाले. त्या महिन्यांत ट्रम्प यांच्याभोवती जमलेल्या मंडळींमध्ये मला तरी कुणी परंपरानिष्ठ दिसत नाही. ते निव्वळ सत्तेचे भुकेले होते.

नकाराची किंमत लगेच सुरू झाली. शनिवार आला की घरासमोर निदर्शनं. व्हिडिओचे मोठे पडदे बसवलेल्या गाड्या यायच्या, त्यांवर बावर्स हे लहान मुलांचं शोषण करणारे आणि भ्रष्ट असल्याचे व्हिडिओ चालायचे. भोंगे लावून आरडाओरडा. एक जण तर पिस्तूल घेऊन शेजाऱ्याला धमकावून गेला. आत त्यांची मुलगी गंभीर आजारी होती. 2021 च्या जानेवारीअखेर ती गेली. यावर मी काही भाष्य करत नाही.

एक किस्सा मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात शपथेबरोबर थोडी लबाडीही आहे. 2022 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या एका आमदाराने विधेयक आणलं की निवडणुकीचा निकाल मान्य करायचा की फेटाळायचा, हे विधिमंडळाने ठरवावं. अध्यक्ष म्हणून ते कुठल्या समितीकडे पाठवायचं, हे बावर्स यांच्या हाती. त्यांनी ते एका नाही, दोन नाही, सभागृहाच्या तब्बल बारा समित्यांकडे पाठवलं. बारा टेबलांवर फिरणाऱ्या फायलीचं काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

21 जून 2022 ला, 6 जानेवारी 2021 च्या संसदेवरील हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी हे सगळं शपथेवर सांगितलं. आपल्याकडे तेव्हा रात्र होती, आणि मराठी वाहिन्यांवर सुरतच्या हॉटेलाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. त्या दिवसांत आपल्या विधानसभेला अध्यक्षच नव्हता, उपाध्यक्ष नरहरी झिरवळ काम पाहत होते. अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसलंय याला केवढं महत्त्व असतं, ते पुढच्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनीच पाहिलं. जास्त बोलत नाही.

साक्षीच्या महिनाभर आधी बावर्स यांना केनेडी ग्रंथालय प्रतिष्ठानचा धैर्याबद्दलचा पुरस्कार मिळाला होता, युक्रेनचे झेलेन्स्की आणि ट्रम्प यांना विरोध करणाऱ्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांच्या बरोबरीने. साक्षीनंतर महिन्याभरात राज्यातल्या पक्षाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. अॅरिझोनात एका सभागृहात सलग चारच टर्म मिळतात, त्यांच्या संपल्या होत्या, म्हणून ते राज्याच्या सिनेटसाठी उभे होते. 2 ऑगस्टच्या, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत डेव्हिड फार्न्सवर्थ यांनी त्यांना जवळजवळ दोनास एक अशा फरकाने पाडलं. 2020 च्या निवडणुकीमागे प्रत्यक्ष सैतानाचं कारस्थान होतं, असं म्हणणारे हे गृहस्थ. मेसाच्या रिपब्लिकन मतदारांना तेच पटले.

आणि हो, पुतळा उभारायची घाई करणाऱ्यांसाठी: त्याच साक्षीच्या सुमाराला एका वृत्तसंस्थेने बावर्स यांना विचारलं होतं की उद्या पुन्हा बायडन विरुद्ध ट्रम्प अशी लढत झाली तर? ते म्हणाले, ट्रम्पनाच मत देईन. नंतर त्यांनी ते बदललं. पण त्या क्षणी तरी, शपथ मोडायला सांगणाऱ्यालाच पुन्हा त्या खुर्चीत बसवायची त्यांची तयारी होती. मला हे कळत नाही, आणि त्यांच्या बाजूने कुणी समजावून सांगायला आलं तर मी फार वेळ ऐकूनही घेणार नाही.

मग तुमचा तिसरा प्रश्न, जो मुलं हमखास विचारतात: "सर, तुम्ही त्यांना मत दिलं असतं का?" अॅरिझोनात कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदारालाही पक्षांतर्गत निवडणुकीची मतपत्रिका मागता येते. मी मेसाचा मतदार असतो, तर 2 ऑगस्ट 2022 ला रिपब्लिकन मतपत्रिका मागून घेतली असती आणि बावर्स यांच्यापुढे खूण केली असती. 2020 च्या नोव्हेंबरात मात्र त्यांच्या विरोधात.