अस्वल कोणते, ते आधी सांगा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आणि कारेलीबागेतल्या माझ्या ओळखीच्या मराठी घरांत क्वचितच असे घर असेल, ज्यातले कोणी अमेरिकेत किंवा कॅनडात नाही. तिकडे उन्हाळा लागला की त्या मुलामुलींचे जंगलात तंबू ठोकून राहण्याचे बेत सुरू होतात आणि इकडे त्यांच्या आईवडिलांची झोप उडते. मी पंचमहाल आणि छोटाउदेपूरकडच्या जंगलांत लोकांना घेऊन हिंडतो, शिवाय लेकीकडे व्हर्जिनियात राहायला गेलो असताना शेनान्डोआच्या डोंगरवाटाही पाहिल्या आहेत, हे ठाऊक असल्यामुळे त्यांतले बरेच जण मला विचारतात, "अस्वल समोर आले, तर नेमके काय करायचे?" गंमत अशी की बडोद्याजवळच्या जांबुघोडा अभयारण्यात मुक्कामी निघालेली मंडळीही अगदी हाच प्रश्न विचारतात, आणि दोघांनाही फोनवर एका ओळीचे उत्तर हवे असते. असे एका ओळीचे उत्तर धोक्याचे ठरू शकते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेतले काळे अस्वल माणसाच्या मुक्कामावर येते ते बहुधा खाण्याच्या वासाने. आपल्या गुजरातेतले अस्वल मात्र सहसा आपणहून माणसाकडे येत नाही. झाडीतल्या वळणावर आपणच नकळत त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचतो. त्यामुळे तिकडे मुख्य खबरदारी अन्नाची घ्यावी लागते आणि इकडे आपल्या चाहुलीची. हा फरक लक्षात घेतला नाही, तर तिकडच्या सूचना वाचून इकडच्या जंगलात शिरणारा माणूस भलत्याच गोष्टीची काळजी करत राहतो.

आधी तिकडचे पाहू. काळे अस्वल नावाप्रमाणे काळे असेलच असे नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात ते तपकिरी, दालचिनीच्या रंगाचेही आढळते. स्वभावाने ते भिडस्त असते आणि माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा निघून जाते. १९०० ते २००९ या एकशे दहा वर्षांत अमेरिका आणि कॅनडात मिळून जंगलातल्या काळ्या अस्वलांनी ६३ माणसे मारल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. दोन खंडप्राय देश आणि लाखोंच्या संख्येतली अस्वले लक्षात घेतली, तर हा आकडा लहान आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: यांतले बहुतांश हल्ले पिल्लांच्या रक्षणासाठी चवताळलेल्या मादीने केलेले नव्हते, तर माणसाला भक्ष्य समजून मागे लागलेल्या एकट्या नराने केलेले होते. मादी आणि पिल्ले यांच्या मध्ये कोणी येऊ नये हे खरेच आहे, मात्र काळ्या अस्वलाची मादी पिल्लांना बहुधा झाडावर पिटाळते आणि खाली फुत्कारत उभी राहते. खरे सावध व्हावे ते गाजावाजा न करता, टक लावून, मागोमाग चालत येणाऱ्या अस्वलापासून.

आता अन्नाविषयी, कारण बडोदेकरांच्या बाबतीत तोच मुद्दा नाजूक आहे. इथून जाणाऱ्या प्रत्येक बॅगेत थेपले, भाखरवडी, लीलो चेवडो आणि लोणच्याची बरणी असतेच, आणि तंबूत झोपताना मुलांना भूक लागेल म्हणून डबा उशाशी ठेवण्याची आपली जुनी सवय आहे. काळ्या अस्वलांच्या जंगलात नेमके हेच करायचे नसते. तंबूत खाण्याचा एकही पदार्थ ठेवायचा नाही, आणि पदार्थ म्हणजे ज्याला वास आहे ते सर्व: टूथपेस्ट, साबण, उन्हाचे मलम, लहान मुलाचा दुधाचा पेला, च्युइंगगम, कचऱ्याची पिशवी. ज्या कपड्यांत फोडणी दिली ते कपडेही तंबूबाहेर, अन्नासोबत ठेवावेत. स्टीलचा डबा घट्ट लागतो म्हणून तो चालेल, असा युक्तिवाद मला एका मावशींनी केला होता. परंतु अस्वलाच्या जबड्यापुढे आपला डबा टिकत नाही. तिकडे त्यासाठी कडक प्लास्टिकचे, जबड्यात न मावणारे, विशिष्ट पद्धतीने झाकण उघडणारे पिंप मिळते, आणि अनेक मुक्कामांच्या ठिकाणी लोखंडी पेट्या बसवलेल्या असतात. या दोन्हींची सोय नसेल आणि तिथला नियम परवानगी देत असेल, तर अन्नाची थैली झाडाला टांगतात. यलोस्टोन उद्यानाचा दंडक जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर लांब असा आहे. रानातल्या मुक्कामी स्वयंपाक आणि जेवण तंबूपासून नव्वद मीटर तरी दूर करावे, हेही तिथे सांगितले जाते.

गाडीत अन्न ठेवावे की नाही, याचे उत्तर जागोजागी बदलते. कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी उद्यानात रात्री गाडीत अन्न ठेवण्यास मनाई आहे, कारण तिथल्या अस्वलांनी दाराची चौकट वाकवून गाड्या फोडल्या आहेत. पूर्वेकडच्या काही उद्यानांत मात्र बंद डिकी पुरेशी मानतात. म्हणून मुलगा "आम्ही दरवर्षी असेच करतो" म्हणाला, तरी ज्या ठिकाणी तो जातो आहे तिथला या वर्षीचा नियम त्याला वाचायला लावावा. हे सारे काटेकोरपणे करण्यामागे केवळ आपला जीव नसतो. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीवर येते, धीट होते आणि शेवटी तेच मारले जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर हिवाळ्याच्या झोपेपूर्वी चरबी साठवण्यासाठी त्याचा सारा दिवस खाण्यात जातो, तेव्हा हलगर्जीला जागाच नसते.

एवढे करूनही वाटेत अस्वल दिसलेच, तर पाहावे की त्याने आपल्याला पाहिले आहे का. पाहिले नसेल, तर आल्या वाटेने शांतपणे मागे फिरावे. पाहिले असेल, तर थांबावे, सर्वांनी एकत्र यावे, लहान मुलांना जवळ घ्यावे, हात वर करून हलवावेत आणि माणसाच्या आवाजात, ठामपणे बोलत त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकावे. मागच्या पायांवर उभे राहिलेले अस्वल बहुधा अंदाज घेत असते. जमिनीवर पंजा आपटणारे, जबडा वाजवणारे, चार पावले धावत येऊन थांबणारे अस्वल "दूर हो" असे सांगत असते. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. धावू मात्र नये, कारण ते ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते आणि पाठमोरा पळणारा जीव त्याला पाठलागाला प्रवृत्त करतो. त्याने मुक्कामाकडेच मोर्चा वळवला, तर ओरडावे, पातेली बडवावीत. त्याच्यापुढे खाण्याची पिशवी टाकून सुटका करून घेऊ नये. त्यातून ते एकच गोष्ट शिकते.

शाळेत आपण सर्वांनी दोन मित्र आणि अस्वल यांची गोष्ट वाचलेली असते, आणि तिचा पगडा मोठ्यांच्या मनावरही असतो, हे मला प्रश्नांवरून जाणवते. त्यातला एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचे सोंग घेतो आणि दोघेही वाचतात. मैत्रीविषयी त्या गोष्टीतून काय घ्यायचे ते घ्यावे, परंतु काळ्या अस्वलापुढे हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. ते झाडावर आपल्यापेक्षा सराईतपणे चढते. आणि त्याने खरोखर हल्ला केला, विशेषतः रात्री तंबूत शिरले, तर मेल्यासारखे पडून राहणे म्हणजे त्याचे काम सोपे करणे होय. अशा वेळी दगड, काठी, जे हाती लागेल ते घेऊन त्याच्या तोंडावर, नाकावर मारत प्रतिकार करावा, असेच तिथले सर्व जाणकार सांगतात.

मिरचीच्या अर्काचा फवारा तिकडे मिळतो आणि तो उपयोगी आहे, पण तो पट्ट्याला अडकवलेला असेल तरच; पाठपिशवीच्या तळाशी ठेवलेल्या फवाऱ्याचा काही उपयोग नाही. अस्वल सात-आठ मीटरवर आले की किंचित खाली रोखून तो मारायचा असतो. डास मारण्याच्या औषधाप्रमाणे तो तंबूवर किंवा अंगावर मारून ठेवायचा नसतो, विमानात नेता येत नाही आणि योसेमिटीसारख्या काही उद्यानांत त्याला बंदीही आहे. मुले मोंटाना, वायोमिंग किंवा कॅनडाच्या पश्चिमेकडे जाणार असतील, तर तिथे ग्रिझली हे दुसरे, खांद्यावर उंचवटा असलेले मोठे अस्वलही आहे. ते दचकून, स्वतःच्या किंवा पिल्लांच्या बचावासाठी अंगावर आले, तर पालथे पडून मानेवर हात घेऊन निपचित राहण्याचा सल्ला देतात. दोघांचे नियम परस्परविरुद्ध आहेत आणि केवळ रंगावरून दोघांतला फरक ओळखता येत नाही.

उत्तराखंड किंवा हिमाचलात पदभ्रमणाला जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की तिथले हिमालयी काळे अस्वल मका, सफरचंदे आणि बांज ओकची फळे यांच्या हंगामात शेतांजवळ येते. दिवाळीच्या सुट्टीत पहाटे किंवा अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या पायवाटेने एकटे चालणे टाळावे.

आता आपल्या अंगणातले. बडोद्याहून गाडीने काही तासांच्या अंतरावर दोन अभयारण्ये आहेत: १९९० साली घोषित झालेले जांबुघोडा आणि दाहोद जिल्ह्यातले रतनमहाल. यांतले रतनमहाल हे ५५.६५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९८२ साली खास अस्वलांसाठीच राखले गेले. इथले अस्वल विस्कटलेल्या लांब केसांचे, फिकट तोंडाचे आणि बोटभर लांब नखांचे असते. त्याचे मुख्य खाणे वाळवी आणि मुंग्या. वरचे मधले दोन दात नसल्याने ते वारुळात तोंड खुपसून वाळवी सुर्रकन ओढून घेते, आणि तो आवाज दूरवरून ऐकू येतो. बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे, बहाव्याच्या शेंगा, मध हेही त्याला प्रिय. आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, ज्यांना इकडे महुडा म्हणतात.

धोका नेमका इथेच आहे. फुले रात्री-पहाटे गळतात, ती वेचायला अस्वलही येते आणि पाट्या घेऊन गावातल्या बायामाणसेही येतात. वारुळाशी गुंग झालेल्या अस्वलाला स्वतःच्याच फुरफुरण्यात आपली चाहूल लागत नाही, आणि नजरही फार तीक्ष्ण नसते. आपण दहा पावलांवर आलो की ते एकदम दचकते. वाघाच्या शेजारात वाढलेल्या या प्राण्याचा स्वभाव झाडावर पळून जाण्याचा नाही, उलटून अंगावर येण्याचा आहे. त्यामुळे आकाराने लहान असूनही ते अमेरिकेतल्या काळ्या अस्वलापेक्षा माणसाला कितीतरी अधिक घायाळ करते. १९८९ ते १९९४ या काळात तेव्हाच्या अविभाजित मध्य प्रदेशात अशा हल्ल्यांत ४८ माणसे दगावली आणि ६८६ जखमी झाली. वर दिलेल्या ६३ च्या शेजारी हे आकडे ठेवून पाहावेत.

म्हणून जांबुघोड्यात मी लोकांना सतत बोलायला लावतो. जंगलात शांतता पाळावी, हा पक्षी पाहण्यापुरता योग्य नियम आहे. दाट घाणेरीच्या झुडपांतून, खडकांच्या कपारीजवळून किंवा ओढ्याच्या वळणावरून जाताना मात्र गप्पा मारत, काठी आपटत, घोळक्याने जावे. ध्वनिवर्धकाची मुळीच गरज नसते, माणसाचा साधा आवाज पुरतो. ताजे उकरलेले वारूळ किंवा बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर तिथे फोटोसाठी रेंगाळू नये. दिवसा अस्वल कपारीत किंवा झुडपात विसावलेले असते, त्यामुळे मुलांना गुहेत डोकावू देऊ नये. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना दोघांनी, बॅटरी लावून, बोलत जावे. कुत्रा सोबत आणू नये. तो अस्वलाला डिवचतो आणि मग घाबरून मालकाच्या पायांशीच परत येतो. वनखात्याचा माणूस सोबत घ्यावा आणि तो "या बाजूला नको" म्हणाला, तर कारण विचारत बसू नये.

अस्वल दूर असेल, तर त्याला आपल्या अस्तित्वाची जाणीव होईल इतपत हळू बोलत मागे हटावे. पण ते अंगावर आलेच, तर इथे पळणेही उपयोगाचे नाही आणि झाडही नाही, कारण मधासाठी तेही झाडावर चढते. त्याचा रोख चेहऱ्यावर आणि डोक्यावर असतो. म्हणून पालथे पडावे, तोंड जमिनीकडे दाबावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत, पाठपिशवी पाठीवरच राहू द्यावी आणि ते निघून गेले याची खात्री होईपर्यंत उठू नये. त्याला धोका टळल्यासारखा वाटला की ते बहुधा पटकन निघून जाते. सोबतच्या इतरांनी एकत्र राहून मोठ्याने आरडाओरडा करावा, विखरून पळू नये. शाळेतल्या गोष्टीतला उताणा पडलेला मित्र इथेही चुकीच्याच बाजूला होता.

जखम झाली, तर स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि जखम लहान दिसली तरी रुग्णालयात जाऊन धनुर्वात व रेबीज या दोन्हींच्या लशींविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. नखांची जखम वरून दिसते त्याहून खोल असते. कोणाला काही झाले नसले, तरी अस्वल कुठे आणि किती वाजता दिसले, हे त्याच दिवशी जवळच्या वनचौकीवर सांगावे, कारण दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी त्याच वाटेने कोणीतरी महुडा वेचायला निघणार असते.