ऑक्सिमीटरवरचा ९० नेमका काय सांगतो

कोविडनंतर गोव्यात बहुतेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कुठल्यातरी खणात पडून आहे. ९७ दिसला की जीव भांड्यात पडतो, ९० दिसला तर ‘सातानेच तर उतरला’ असं म्हणतात. हा आकडा म्हणजे तांबड्या पेशींतल्या, ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या किती टक्के जागा ऑक्सिजनने भरल्या ते. हिमोग्लोबिनचा हिशेब मात्र सरळ रेषेत चालत नाही.

९७ टक्क्यांना धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब साधारण ९५ मिमी पारा असतो, ९० टक्क्यांना जेमतेम ६०. म्हणजे दाब तिसऱ्या हिश्शाहून जास्त घसरला, तरी आकडा सातानेच हलला. साठाच्या खाली मात्र कडा लागतो: ४० ला ७५ टक्के, २७ ला ५०. कारण रेणूच्या रचनेत आहे. चार साखळ्या, प्रत्येकीत लोहाचा एक अणू. पहिला ऑक्सिजन कष्टाने बसतो, पण तो बसला की साखळ्या सरकतात आणि पुढच्यांना जागा सोपी होते. सुटतानाही तसंच.

दाबोळीहून विमानाने एका दिवसात लेहला उतरणारे याच कड्याजवळ पोचतात. ३५०० मीटरवर हवेचा दाब पणजीच्या साधारण दोन तृतीयांश. पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसणं नवल नाही. बसल्या जागी बरं वाटतं, जिना चढला की आकडा भराभर पडतो.

खरी करामत सोडण्यात आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर धावणाऱ्याचे स्नायू तापतात, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं, आणि तिथेच हिमोग्लोबिनची पकड सैल होते. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. फुप्फुसात तो वायू बाहेर पडतो आणि पकड पुन्हा घट्ट.

तांबड्या पेशीतलं २,३-बीपीजी हे रसायनही पकड ढिली ठेवतं. पेढीत साठवलेल्या रक्तात ते दोनेक आठवड्यांत जवळपास संपतं. रक्त चढवल्यावर पूर्ववत व्हायला एक-दोन दिवस जातात. तोवर त्या पेशी ऑक्सिजन घेतात चोख, देतात हात राखून. गर्भाच्या हिमोग्लोबिनला बीपीजी नीट चिकटत नाही, म्हणून ते आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेऊ शकतं.

आता आकड्याची फसवणूक. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर त्यात साधारण २० मिली ऑक्सिजन, ७.५ असेल तर १०. ऑक्सिमीटर दोघांनाही ९८ दाखवेल! पंडुरोगात, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असताना, त्या आकड्यावर विसंबून कसं चालेल?

कार्बन मोनॉक्साइडचं त्याहून वाईट. पावसात काचा लावून, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसलात तर हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. वर उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही सुटू देत नाही. नेहमीचं यंत्र प्रकाशाच्या ६६० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोनच लहरी वापरतं, त्याला हा फरक कळत नाही, आकडा छान दिसतो. डोकं दुखतंय, मळमळतंय तर आकडा न बघता आधी उघड्यावर या आणि थेट इस्पितळ गाठा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.