दोन बाटल्या कशाला?

2022 चा डिसेंबर. गोवंडीतल्या गोवराच्या बातम्या रोज येत होत्या आणि वरून एकच धोशा: लस राहिलेली मुलं शोधा. आमच्याकडच्या यंत्रमागांच्या वस्तीत ड्यू लिस्टवर, म्हणजे लस द्यायची बाकी असलेल्यांच्या यादीत, नकाराची तीन घरं होती. त्यातल्या एका घरापुढे तीन फेऱ्यांत तोच शेरा, ‘नकार : अफवा’.

घरात दहा महिन्यांचं बाळ. जन्मतः दवाखान्यात मिळालेल्या लसी सोडल्या तर काही नाही. थोरला साडेतीन वर्षांचा. त्याचे पेंटाचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे, तिन्ही डोस वेळेवर आणि त्यानंतर कार्ड कोरं. इथेच मला खटकायला हवं होतं. ज्याला लसीत कट दिसतो, तो तीन डोस होईपर्यंत गप्प बसत नाही. पण थोरल्याला गोवराच्या लसीचे नऊ महिने भरले तेव्हा लॉकडाऊन लागला होता, त्यात राहिलं असणार असं मी धरून चालले.

बाप रात्रपाळी करून आलेला. त्यानं मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक नर्स एका बाटलीतलं पाणी ओढून दुसरीत सोडते आणि मागून आवाज येतो, बघा काय मिसळतात ते, या मुलांना पुढे मूलबाळ होणार नाही. तो म्हणाला, “मॅडम, औषध चांगलं असतं तर दोन बाटल्या कशाला?”

ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं उत्तर म्हणजे ‘लस सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका’. हे वाक्य ऐकून कुणी दार उघडल्याचं मला तरी आठवत नाही. मी उंबऱ्यातच बसले आणि व्हॅक्सिन कॅरिअर, लसींची थंड पेटी, उघडला.

एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची, लस म्हणजे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू. पातळ रूपात ते टिकत नाहीत, म्हणून त्यांची कोरडी पूड करतात आणि पाणी, म्हणजे डायल्युअंट, वेगळं येतं. दोन्हींचं तापमान सारखं लागतं, गरम पाणी घातलं तर विषाणू मरतात. म्हणून डायल्युअंटही आदल्या दिवशीच आयएलआरमध्ये, लसींच्या फ्रीजमध्ये, ठेवायचं. डायल्युअंट त्याच कंपनीचं, त्याच लसीसोबत आलेलंच हवं. बापाला दोन्हींवरच्या तारखा वाचायला दिल्या. व्हीव्हीएम, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते सांगणारं कुपीवरचं चिन्ह, दाखवलं: आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची.

“आणि कालवल्यावर?”

“चार तास. मग फेकायची.”

“का?”

इथे बहुतेक जण विषय बदलतात. मी सांगितलं, यात जंतू वाढू नयेत असं काही घातलेलं नसतं. वेळ टळून गेलेली कुपी टोचली तर जंतूंचं विष भिनून मूल दगावू शकतं, म्हणून कुपी फोडली की तिच्यावर वेळ लिहायची. तो पहिल्यांदा नीट ऐकायला लागला. मग म्हणाला, “यवतमाळला पोलिओच्या जागी सॅनिटायझर पाजलं होतं ना?” होय, पाजलं होतं. 31 जानेवारी 2021, घाटंजी तालुका, 12 मुलं. मुलं वाचली, पण घडलं ते खरंच. मी मान डोलावली. माझ्यासोबतची आशाताई माझ्याकडे बघतच राहिली.

इतका वेळ गप्प असलेली आजी उठली, थोरल्याला ओढून आणलं आणि त्याची चड्डी वर सरकवली. डाव्या मांडीवर बोटाच्या पेराएवढा व्रण. “हे कुणी केलं, ते सांगा.” पेंटाच्या तिसऱ्या डोसनंतर गाठ आली, वाढत गेली, शेवटी खासगी दवाखान्यात चिरा द्यावा लागला. दोनदा केंद्रावर गेले, तर ‘गाठ येतेच, जिरेल’ म्हणून परत पाठवलं. गाठ येते आणि बहुतेकदा जिरते, हे खरं आहे. पण चिरा द्यावा लागलेलं गळू ही लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना आहे आणि तिची नोंद व्हायलाच हवी. मी नंतर रजिस्टर चाळलं. एक ओळ नाही.

कारण काय असेल, हे अजून डोक्यातून जात नाही. सुई मांडीच्या स्नायूत न जाता कातडीखालीच राहिली असेल. किंवा जंतुसंसर्ग. किंवा लस गोठली असेल: डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये कोंबले की पेंटा गोठते. पॅक बाहेर ठेवून, कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचे. सकाळच्या घाईत हे कोण करतं, आम्हाला माहीत आहे. गोठलेली लस निकामी तर होतेच, वर टोचल्या जागी त्रासही जास्त देते.

“हे आमच्याकडूनच झालेलं असू शकतं,” मी म्हणाले. बाळाची आई तेव्हा पहिल्यांदा बोलली, “मग तेव्हा कुणी आलं का नाही?”

याला उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तिनंच बाळाला मांडीवर घेतलं.

एमआरची कुपी पाच डोसची. पेंटाची उघडलेली कुपी नीट ठेवली तर 28 दिवस चालते, एमआरची नाही. नियम सांगतो, एका मुलासाठीसुद्धा फोडा. आढावा बैठक विचारते, वेस्टेज एवढं कसं? आशाताईनं शेजारच्या गल्लीतून दुसऱ्या डोसची दोन मुलं आणली. 12:40 ला कुपी फोडली, बापाच्याच पेननं वेळ लिहिली. अर्धा मिली, उजव्या दंडावर कातडीखाली, आणि तोंडानं जीवनसत्त्व अ एक मिली. तीन डोस गेले, दोन वाया.

निघताना बजावलं: आज काही होणार नाही, ताप आणि पुरळ आलं तर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येईल. हे आधी सांगितलं नाही तर लोक म्हणतात, लसीनंच गोवर आणला, आणि पुढचा व्हिडिओ तिथे तयार होतो. नवव्या दिवशी गेले तेव्हा बाळाचं अंग कोमट होतं. आई म्हणाली, “तुम्ही म्हणाला होता तसंच.”

थोरल्याचं एमआर त्या नवव्या दिवशी झालं. बाप म्हणतो, दंडाला चालेल, मांडीला नाही. बाळाची पेंटा मांडीतच द्यावी लागते आणि पहिला डोस वर्षाच्या आत व्हायला हवा, म्हणजे हातात पावणेदोन महिने. मी रजिस्टरच्या समासात लिहून ठेवलंय, ‘थोरल्यास गळू, 2019’. वर पाठवायच्या तक्त्यात मात्र कारणांच्या यादीतून एकच निवडता येतं, आणि त्या यादीत गळू नाही.