पलंगावर टेकून बसवायचं म्हणजे

हृदय कमजोर झाल्यापासून अण्णांना आडवं झालं की धाप लागते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सपाट झोपवू नका, पाठ तीस ते पंचेचाळीस अंशांवर राहू द्या. हॉस्पिटलात ते सोपं होतं. फाउलर बेडचं हँडल फिरवलं की पाठ वर. तसा पलंग भाड्याने आणू म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "घराचा दवाखाना करू नकोस. माझा पलंग मला पुरे."

मग घरातल्या उशा रचल्या. कापसाचा ढीग झोपताना ताठ असतो, मध्यरात्रीपर्यंत बसतो. शिवाय सगळी उंची डोक्याखाली येते, हनुवटी छातीला लागते आणि श्वास आणखीच कोंडतो. दिवाणावरचा लोड पाठीला एकाच जागी टोचायचा. ऑनलाइन मागवलेली फोमची तिरकी उशी वाईट नव्हती, पण ती पित्ताच्या त्रासासाठी ठीक; तिच्यावर झोपता येतं, बसता येत नाही. शेवटी सर्जिकलच्या दुकानातून बॅकरेस्ट आणली. घडीची लोखंडी चौकट, त्यावर ताणलेलं जाड कापड, मागे खाचांचा टेकू. खाच बदलली की कोन बदलतो.

तरी पहाटे अण्णा खाली घसरलेलेच. चौकटीचा कोन अगदी बरोबर, पण माणूस तिच्यावर नाही! कंबर गादीत रुतलेली, पाठीला पोक.

फिजिओथेरपीला येणाऱ्या ताईंनी पाठीकडे पाहिलंच नाही, आधी गुडघ्यांखाली उशी सरकवली. पाठ उचलली की अंगाचा भार पायांकडे उतरतो. गुडघे जरा वाकलेले असले की तो अडतो. पूर्ण फाउलर पलंगाला पाठीचं आणि गुडघ्यांचं अशी दोन हँडलं असतात ती का, हे तेव्हा कळलं. (जॉर्ज फाउलर हा अमेरिकन सर्जन. 1900च्या सुमारास पोटात पू झालेल्या रुग्णांना तो असं उंच बसवायचा.) घसरणं नुसतं गैरसोयीचं नसतं. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड खाली सरकतं आणि त्या ओढीने माकडहाडापाशी जखमा होतात.

आता आधी त्यांना सरकवून पार मागे, चौकटीच्या बुडाला टेकवतो, मगच पाठ उचलतो. चौकट भिंतीला लावलेली, तिच्यावर गादीवाल्याकडून शिवून घेतलेली पातळ गादी. कमरेच्या खळग्यात पंचाची गुंडाळी, डोक्याला एकच चपटी उशी, दोन्ही हातांखाली एकेक. हातांच्या उशा मला फालतू वाटत होत्या, पण हात लोंबकळले की खांदे ओढले जातात. चादर सुतीच, गुळगुळीत चादरी कपाटात गेल्या. एवढं करूनही घसरले तर काखेत हात घालून ओढत नाही. पाठ खाली करतो, अंगाखालची दुमडलेली चादर दोघं दोन बाजूंनी धरतो आणि उचलून वर घेतो.

रात्री दुसरी खाच पुरते, पेपर वाचताना चौथी. रात्रीची खाच मी मुद्दाम लक्षात ठेवते. डॉक्टरांनी सांगितलंय, झोपायला नेहमीपेक्षा वरची खाच लागायला लागली तर वाट बघू नका, लगेच फोन करा.