तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरातलं मराठी

मी शाळेत मराठी शिकवते आणि माझं नाव, आडनाव दोन्ही ख्रिस्ती आहे. त्यामुळे पालकसभेला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तुम्ही घरी इंग्लिशच बोलत असाल ना? मग मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हातात प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा असताना याचं उत्तर देता येत नाही, कारण ते उत्तर म्हणजे माझी आजी. ते आज सवडीने देते.

आम्ही घरी मराठीच बोलतो, पिढ्यान् पिढ्या. आजीचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. बाप्तिस्मा झाला तरी विहीर काही खुली झाली नाही, एवढं एकच वाक्य आजी त्याबद्दल एकदा बोलली होती. घरात पुस्तकं फार नव्हती, पण 'ज्ञानोदय' यायचा. १८४२ साली नगरलाच सुरू झालेलं हे नियतकालिक आजीच्या वडिलांनी शिवून, बांधून ठेवलेलं होतं. आणि रोज संध्याकाळी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, झाला की गायला रेव्हरंड टिळकांची भजनं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण येताना अभंग, ओवी, कीर्तन सगळं बरोबर घेऊन आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते म्हणत. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आजही उपासनेला टाळ आणि तबला असतो. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनांना त्याचं नवल वाटतं, आम्हाला वाटत नाही.

आजी १९५२ साली, अठरा वर्षांची असताना, नर्सिंग शिकायला मिरजेला आली. कॅनडाहून आलेल्या डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उघडलं होतं. मिरज हे जंक्शन. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून गाड्या यायच्या आणि प्रत्येक गाडीतून कुणाला तरी बाजेवर नाहीतर पाठंगुळीला घेऊन नातेवाईक उतरायचे. आजीला मिरजेत पहिल्या वर्षी काय आलं, तर ग्लासची सिरिंज उकळायला, सुईला दगडावर धार लावायला, आणि कामापुरतं कानडी बोलायला. "एल्लि नोवु?" कुठे दुखतंय? कानडी बाई एकटी पडू नये म्हणून तेवढं तरी यायलाच हवं, असं तिचं म्हणणं.

तिथल्या मेट्रनचा एक नियम होता: पेशंटच्या अंगाला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं. बेशुद्ध असला तरी सांगायचं. आजीने हा नियम जन्मभर पाळला, माणसांपाशी आणि तान्ह्या बाळांपाशीही. "आता कूस बदलायची हं. तुम्ही काही करू नका, मी करते." "पाणी जरा गार लागेल बरं का." डॉक्टरांशी ती टेम्परेचर, पल्स, ड्रेसिंग असंच बोलायची, सगळं हॉस्पिटल तसंच बोलायचं. कॉटपाशी आली की मात्र एकही इंग्रजी शब्द नाही. आजारी माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला न कळणारा शब्द ऐकवला की तो आणखी घाबरतो, म्हणून.

आणि तिने दुखण्याचे शब्द जमवले. कागदावर नव्हे, कानात. ठणका म्हणजे आत पू धरतोय. कळ येते आणि जाते. चमक एकदम भरते. सल म्हणजे काहीतरी आत राहिलंय. हुळहुळणं वेगळं, चुरचुरणं वेगळं, कालवणं वेगळं, ढवळणं वेगळं. "पेशंटला दुखतंय" एवढंच कुणी शिकाऊ मुलीने सांगितलं की आजी तिला परत पाठवायची: "कसं दुखतंय ते विचारून ये. आणि त्यांचाच शब्द आण, तुझा नको." बाळंतिणीची कळ आणि पोटात गुबारा धरल्याची कळ यातला फरक तिला चेहऱ्याआधी शब्दावरून कळायचा, असं तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका अजून सांगतात. मी आठवीला समानार्थी शब्द शिकवते तेव्हा हे सगळे शब्द फळ्यावर लिहिते आणि मुलांना सांगते की हे समानार्थी नाहीत. माझं मराठी चांगलं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते तिच्याकडूनच ऐकलंय, माझ्या तोंडून एवढंच.

गल्लीत तिला कुणी नावाने हाक मारली नाही, ती सिस्टरबाई. मी सातवीत असताना समोरच्या काकूंच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या. आजी तेव्हा निवृत्त झालेली होती. रोज पहाटे आणि दिवेलागणीला ती जायची, आणि पातेलं धरायला मी बरोबर. दारात पोचलो की ती क्षणभर थांबून डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग आत. आधी साबणाने कोपरापर्यंत हात. मग सासूबाईंच्या कानाशी वाकून, "आत्या, आता पाठ बघते हं." एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि एवढ्या जड बाईंना ती स्वतःकडे अशी वळवायची की त्यांचा श्वाससुद्धा अडकायचा नाही. माकडहाड, खुबा, टाचा, कोपरं, या जागा ती बोटांनी एकेक करून तपासायची. लाल दिसलं तर बोट दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ गेलेली नाही. लालच राहिलं तर गंभीर. मग कोरडं पुसून पावडर. आणि शेवटी चादर. चादर ती चारही बाजूंनी ताणायची आणि तळहाताने अख्खी चाचपायची. एक सुरकुती राहिली तर तिच्यावर रात्रभर सगळं वजन पडतं, तिथूनच जखम सुरू होते, हे तिने मला तेव्हा शिकवलं. आत्या सात महिने अंथरुणावर होत्या, त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. पहिल्या आठवड्यात आत्यांनी आजीच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, सुनेला हाक मारायच्या. आजीने ते मनावर घेतल्याचं मला तरी दिसलं नाही. पुढे पुढे सुनेने दिलेलं पाणीही त्या "सिस्टर येऊ देत" म्हणून बाजूला ठेवायच्या.

आषाढात आमच्या रस्त्याने दिंड्या जायच्या. कोल्हापूर, बेळगावकडचे वारकरी मिरजेवरून पंढरपूरला जातात. तेव्हा कुणी छोट्या रेल्वेने जायचे, बरेचसे पायी. आजी आणि मंडळीतल्या तिच्या दोन मैत्रिणी चर्चच्या फाटकापाशी बाकडं टाकून बसायच्या. उकळलेल्या सुया, गॉज, जांभळं औषध, गरम पाण्याच्या दोन बादल्या. "माउली, पाय द्या इकडे." फोड लहान असेल तर हात लावायचा नाही. मोठा असेल तर कडेने टोचून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र फाडायची नाही, तीच आतल्या मांसाचं पांघरूण. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे रुचलं नव्हतं. आपल्या फाटकात हे कशाला, असं त्यांनी पाळकसाहेबांपाशी काढलं. आजी त्यांना एवढंच म्हणाली, "प्रभूने पाय धुतले तेव्हा आधी कुणाचे ते विचारलं होतं का?" पुढच्या वर्षी ते स्वतः बादल्या भरायला आले. मला त्या गृहस्थांचंही कौतुक वाटतं. आपलं मत असं सगळ्यांदेखत बदलणं सोपं नसतं.

तिची श्रद्धा म्हणजे काय, हे मला सांगता येणार नाही असं मी बरीच वर्षं समजत होते, कारण ती त्यावर बोलायचीच नाही. रविवारी उपदेश ऐकायची, महिला मंडळात प्रार्थना करायची, नाताळात करंज्या करून पहिलं ताट समोरच्या घरी पाठवायची. पण पंडिता रमाबाईंनी केलेल्या भाषांतरातलं शास्त्र ती वाचायची तेव्हा एखाद्या शब्दावर थांबायची. "बघ, हे बाईने बायकांना कळेल असं लिहिलंय," म्हणायची. रमाबाईंनी मरणाच्या थोडं आधीपर्यंत, १९२२ पर्यंत, ते काम सोडलं नव्हतं. आजीच्या दृष्टीने देवाचं बोलणं आणि कॉटपाशी बोलणं एकाच जातीचं होतं: समोरच्याला कळलं पाहिजे.

शेवटच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. दुखण्याला इतके शब्द ज्या बाईपाशी होते, तिला "पाणी" म्हणता येईना. डॉक्टर म्हणाले, गाणं मात्र येऊ शकेल, बोलायचं आणि गायचं मेंदूत वेगवेगळं असतं. आणि खरंच, संध्याकाळी आम्ही टिळकांचं भजन धरलं की तिच्या तोंडून ओळीच्या ओळी स्वच्छ यायच्या. भजन संपलं की पुन्हा काही नाही.

मी शाळेतून रजा घेतली. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पहिल्या रात्री मी घाईत, न सांगताच तिच्या खांद्याखाली हात घातला. ती दचकली. मग मला आठवलं. "आजी, कूस बदलते हं. तू काही करू नकोस, मी करते." तिचं अंग सैल पडलं. मी पाठ पुसली, पावडर लावली, चादर ओढली आणि दिवा मालवायला वळले. मागून चादरीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. ती डावा हात चादरीवरून सावकाश फिरवत होती. कमरेपाशी तो थांबला आणि तिथेच राहिला. मी वाकून बघितलं, सुरकुती होती. मी चादर पुन्हा सगळी काढली आणि पहिल्यापासून घातली.